छायाचित्रणाला अर्धीच ओळ का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतली चित्रपट परीक्षणे मी आवर्जून वाचतो. कथानक सविस्तर असते, अभिनयावर भरभरून लिहिलेले असते, गाण्यांचीही दखल असते. छायाचित्रणाच्या वाट्याला मात्र शेवटी ‘छायाचित्रण उत्तम’ एवढेच येते. पुष्कळदा छायाचित्रकाराचे नावसुद्धा नसते. हे मला फार लागते.

बडोद्यात दांडिया बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. उजेड माणसाला किती बदलतो, हे मी तिथे रोज पाहिले. मुख्य दिवा अगदी समोर ठेवला की चेहरा सपाट येतो. तोच दिवा बाजूला नेऊन थोडा वर चढवा. नाकाची सावली गालावर उतरते, पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो आणि लग्नासाठी फोटो काढायला आलेला बुजरा मुलगा एकदम पोक्त दिसू लागतो. दिवा हनुवटीखाली नेला तर त्याचीच भीती वाटेल. त्याने ओठसुद्धा हलवलेला नसतो! मग पडद्यावरच्या पात्राविषयी आपले मत केवळ अभिनयाने आणि संवादांनी बनते, असे कसे म्हणायचे?

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) काशीच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिवे खालून त्यावर मारले. कापडावरून परतलेला उजेड मऊ होऊन खाली पसरला, दिव्यांच्या कडक सावल्या गेल्या आणि बंदिस्त सेटवर आभाळाचा उजेड आला. अपूच्या वडिलांचे, हरिहरचे आजारपण आपल्याला इतके खरे वाटते, त्यात त्या कापडाचा वाटा मोठा आहे. व्ही. के. मूर्ती यांनी ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) आरशांवरून खरे ऊनच स्टुडिओत आणले. भोवती अंधार आणि मध्ये उन्हाचा झोत. नायक-नायिकेमधले अंतर सांगायला तेवढे पुरते.

रंगांबद्दलही कोणी लिहीत नाही. हल्ली गाव म्हटले की सगळे चित्र पिवळे, रात्र म्हटली की निळे. आपले मराठी चित्रपटही यातून सुटलेले नाहीत. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड पिवळा. घरातल्या तारेच्या बल्बचा उजेड साधारण २८०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा ५६००च्या आसपास. म्हणून एकाच खोलीत खिडकीकडची बाजू निळसर आणि दिव्याकडची पिवळसर येते. जाणता छायाचित्रकार हा फरक जपतो, आणि दिवेलागणीची वेळ झाली हे न सांगता कळते. संगणकावर सरसकट एकच रंग फासला की ती वेळच पुसली जाते. परीक्षकाने हे ठणकावून सांगायला हवे.

दादासाहेब फाळके आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. इथल्या वाचकांना या गोष्टी जड जातील, असे मला अजिबात वाटत नाही.

तरी विनंती अशी की, छायाचित्रकाराचे नाव दिग्दर्शकाच्या नावाशेजारी छापावे. एखाद्या प्रसंगात उजेड कुठून येतो आणि तो काय सांगतो, यावर चार ओळी द्याव्यात. आणि चित्रगृहातला पडदाच अंधुक असेल तर तेही लिहावे. परवा एका मल्टिप्लेक्समध्ये रात्रीच्या प्रसंगात माणसे ओळखू येत नव्हती, आणि मागच्या रांगेतले प्रेक्षक बोल लावत होते तो छायाचित्रकाराला.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार
दांडिया बाजार, वडोदरा