अंदमानच्या साडेतीन वर्षांना सेल्युलर जेलमध्ये जागा द्या

माननीय केंद्रीय संस्कृती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

स. न. वि. वि.

अंदमानला जाणाऱ्या पर्यटकांत मराठी माणूस हमखास भेटतो. सहल कंपनीची टोपी घालून तो सेल्युलर जेलच्या फाटकात उभा राहतो, सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढतो, कोलूपाशी थांबतो, जेलर बारीला मनातल्या मनात चार शिव्या घालतो आणि संध्याकाळी प्रकाश-ध्वनी कार्यक्रम बघून डोळे पुसत बाहेर पडतो. यात वावगे काहीच नाही. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक झाली ती याचसाठी.

पण इथे सांगितली जाणारी गोष्ट १९३८ साली, शेवटचे राजबंदी मुख्य भूमीवर परतले तिथे थांबते आणि एकदम ३० डिसेंबर १९४३ वर उडी मारते. नेताजी आले, तिरंगा फडकला, बेटे मुक्त झाली. मधल्या काळात आणि त्यानंतर ऑक्टोबर १९४५ पर्यंत तिथल्या भारतीयांचे काय झाले, याचा उल्लेख झाला तर एखाद-दुसऱ्या वाक्यात होतो. हे पत्र त्या उरलेल्या वाक्यांसाठी, म्हणजे १९४२ ते १९४५ च्या जपानी अमलातल्या साडेतीन वर्षांसाठी आहे.

जपानी फौज २३ मार्च १९४२ रोजी पोर्ट ब्लेअरला उतरली. प्रतिकार झालाच नाही. इंग्रज गेले याचा आनंदच अनेकांना होता. तो काही दिवसही टिकला नाही. सैनिक घरांत घुसू लागले, कोंबड्या उचलू लागले, बायकांच्या मागे लागले. झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने चिडून छऱ्याच्या बंदुकीतून बार काढला. त्यात मेले कोणी नाही. तरी त्याला पकडून, हात पिरगाळून मोडून, लोकांदेखत गोळ्या घातल्या. मागे राहिलेला इंग्रज अधिकारी मेजर बर्ड याच्यावर हेरगिरीचा आळ आला आणि तलवारीने त्याचा शिरच्छेद झाला.

त्यानंतर हेरगिरीचे खटले सुरू झाले. इंग्रजांना बातम्या कोण पोचवतो, असा संशय जपान्यांना सतत येई. तो शिकलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या, सरकारी नोकरीतल्या भारतीयांवर जाई. पोलीस अधिकारी नारायण राव आणि त्यांच्या साथीदारांना १९४३ साली मारले ते याच संशयावरून. पुरावा म्हणजे कबुलीजबाब, आणि तो पाणी पाजून, उलटे टांगून, जाळून मिळवलेला.

डॉ. दिवाणसिंग यांच्याबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवे. हे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, १९२७ साली रंगूनहून अंदमानला आले. पंजाबीत मुक्तछंदात लिहिणाऱ्या पहिल्या कवींपैकी एक. 'कालेपानी' हे त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. त्यांनी पोर्ट ब्लेअरला गुरुद्वारा उभा केला, तिथे सगळ्या धर्मांची माणसे येत. जपानी आल्यावर इंडियन इंडिपेंडन्स लीग या परदेशस्थ भारतीयांच्या स्वातंत्र्यवादी संघटनेच्या स्थानिक शाखेची धुरा त्यांच्याकडे आली. सैनिकांसाठी आणलेल्या कोरियन स्त्रियांकरता गुरुद्वाऱ्याची जागा मागितली गेली आणि त्यांनी ती नाकारली, असे सांगतात. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. ऐंशीहून अधिक दिवस छळ चालला. १४ जानेवारी १९४४ रोजी ते सेल्युलर जेलमध्येच वारले.

महोदय, तारखा बघा. २९ ते ३१ डिसेंबर १९४३ या काळात नेताजी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. सेल्युलर जेलही त्यांनी पाहिला. त्या दिवसांत दिवाणसिंग त्याच जेलमध्ये होते, जिवंत. नेताजींचे वेळापत्रक आणि वाटा जपान्यांनी ठरवल्या होत्या. छळ झालेल्यांच्या कोठड्यांकडे पाहुण्याला नेण्याची त्यांना काही गरज नव्हती.

नेताजी परतले, आणि बरोबर महिन्याने, ३० जानेवारी १९४४ रोजी, पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंजला ४४ भारतीयांना गोळ्या घालून मारले. बहुतेक जण इंडियन इंडिपेंडन्स लीगचे, म्हणजे जिचे नेतृत्व जुलै १९४३ मध्ये नेताजींनी स्वीकारले त्याच संघटनेचे. पुढच्या महिन्यात आझाद हिंद सरकारचे प्रतिनिधी म्हणून कर्नल लोगनाथन आले. त्यांच्या हाती शिक्षणापलीकडे फारसे काही दिले गेले नाही. पोलीस खाते जपान्यांनी सोडले नाही, कारण छळ त्याच खात्यातून चालत होता.

नेताजींचे नाव मध्ये येते म्हणून आपण हा विषय टाळतो, असे मला वाटते. त्यांना छळाबद्दल किती कळले होते, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. पण मारले गेलेले लोक त्यांचेच होते. हम्फ्रीगंजला बलिदान वेदी आहे, हे मला ठाऊक आहे. देशाला ती ठाऊक नाही, ही माझी तक्रार आहे. नेताजींचा मान राखायचा तर त्यांच्या संघटनेच्या त्या ४४ माणसांना आधी ओळख द्यायला हवी. ३० जानेवारीला अकरा वाजता सारा देश दोन मिनिटे उभा राहतो. ते गांधीजींसाठी, आणि तसेच राहावे. त्याच दिवशी दिल्लीतून एक मंत्री हम्फ्रीगंजला गेला, तर त्याने कोणाचे काही कमी होत नाही.

१९४५ उजाडेपर्यंत समुद्रातली रसद तुटली होती आणि बेटावर उपासमार होती. भाताचे मूठभर दाणे चोरले म्हणून लोकांना मरेपर्यंत मारत. ऑगस्टमध्ये, युद्ध संपायला काही दिवस उरले असताना, खाणारी तोंडे कमी करायची म्हणून शेकडो भारतीयांना 'तिकडे शेती करायची आहे' असे सांगून बोटींत भरले आणि हॅवलॉक बेटाकडे नेले. किनारा दूर असतानाच पाण्यात उतरवले. पुष्कळ जण बुडाले. जे पोचले ते निर्मनुष्य बेटावर भुकेने मेले. इंग्रजांची सुटका तुकडी पोचली तेव्हा बोटांवर मोजता येतील इतकेच जिवंत होते.

या बेटाला ३० डिसेंबर २०१८ रोजी आपण 'स्वराज द्वीप' असे नाव दिले. नेताजींनी सुचवलेली नावे होती, म्हणून दिली. माझा त्याला विरोध नाही. पण फेरीतून उतरून राधानगर किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्या माणसाला या बेटावर १९४५ च्या पावसाळ्यात काय झाले, हे धक्क्यावरच्या एका फलकाने सांगायला हरकत नसावी. रॉस बेटावरचे जपानी बंकर बघून पर्यटक पुढे जातो. 'इथे जपानी लपायचे' एवढेच त्याच्या कानावर पडते. सेल्युलर जेलच्या सात शाखांपैकी दोन जपान्यांच्या काळात गेल्या, विटा बंकरांसाठी नेल्या, हेही फार थोड्यांना माहीत असते.

आता कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी उकरून जपानशी बिघडवायचे का? मला बिघडवायचे नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जपानने ५० वर्षांच्या मुदतीने ०.१ टक्के व्याजाने कर्ज दिले. मुंबईतली भुयारी मेट्रो आणि अटल सेतूही जपानी कर्जावर उभे राहिले. अंदमानात वीज साठवण्याच्या कामासाठी २०२१ साली जपानने सुमारे ४०० कोटी येनचे अनुदान दिले. हे सगळे मान्य. आणि भारताने ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र तह केला, तेव्हा नुकसानभरपाईचे सर्व दावे सोडून दिले. दोस्त राष्ट्रांनी जपानशी केलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या तहावर सही न करता जपानला बरोबरीने वागवायचे, हा नेहरूंचा विचार होता. मला तो उदार वाटतो. पण सोडले ते पैसे. मेलेल्यांची नावे घ्यायची नाहीत, असे काही त्या तहात नव्हते.

जपानचा विषय निघाला की आपल्याकडे मोबाइलवर एक मजकूर फिरतोच. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सगळ्या जपानी आरोपींना निर्दोष ठरवले, आणि म्हणून जपान आजही भारताचा ऋणी आहे. टोकियोतल्या, जपानी युद्धमृतांच्या यासुकुनी देवळात २००५ पासून पालांचे स्मारक आहे, हे खरे. त्याच देवळात १९७८ पासून १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांचा आदर होतो, हे मात्र त्या मजकुरात नसते. पालांचा आक्षेप कट आणि आक्रमण या गुन्ह्यांच्या कायद्यावर होता, विजेत्यांच्या न्यायावर होता. जपानी सैन्याने नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा भक्कम आहे, हे त्यांनी स्वतःच्या निकालपत्रात मान्य केले आहे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. १९३८ साली चीनला मदतीसाठी गेलेल्या त्यांच्या भारतीय वैद्यकीय पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. ते ज्यांच्या जखमा बांधत होते, त्यांना जखमी करणारे सैन्य जपानचेच होते. एवढे तरी आपल्या शाळांत एका दमात शिकवावे.

माझ्या मागण्या फार नाहीत. सेल्युलर जेलमध्ये १९४२ ते १९४५ या काळासाठी वेगळे दालन करावे. त्यात दिवाणसिंग, नारायण राव, झुल्फिकार अली यांच्यासह मारल्या गेलेल्या प्रत्येकाचे नाव असावे. निकोबारींची नावेही असावीत. तिथले ख्रिस्ती धर्मगुरू जॉन रिचर्डसन मृत्यूच्या दारातून परतले आणि १९५२ साली अंदमान-निकोबारचे पहिले खासदार झाले. ते वाचले, पण त्यांचे पुष्कळ लोक मारले गेले.

या नावांची पडताळणी करता येते. युद्धानंतर सिंगापूरला जपानी अधिकाऱ्यांवर खटले चालले. त्यांतली जबान्या, कबुल्या आणि निकाल असलेली कागदपत्रे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या प्रती मागवाव्यात, आणि आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या कोणालाही वाचता येतील अशा ठेवाव्यात. जपानच्या संरक्षण मंत्रालयाच्या संग्रहातले अंदमानचे कागद सरकारी पातळीवर मागितले, तर मित्रदेशाने नाही म्हणण्याचे कारण नाही. आणि 'प्री-४२' म्हणजे १९४२ पूर्वीपासून अंदमानात राहणारी म्हणून सरकारी यादीत ज्या कुटुंबांची नोंद आहे, त्यांच्या वृद्धांच्या आठवणी आता लिहून घ्याव्यात. १९४५ साली जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीत आहेत.

या पत्राचे उत्तर आपल्या मंत्रालयाकडून मिळाले आणि त्यात कामाची तारीख असली, तर मला ते जाहीरपणे छापायला आवडेल.

कळावे,

आपला,
महाराष्ट्रातील एक नागरिक