मिरजेच्या चाचांना, आजोबांच्या वस्तऱ्याबद्दल

चाचा, नमस्कार. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण सितारमेकर गल्लीतल्या कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेलच.

वस्तरा परत आल्यापासून घरात जो तो उघडून बघतोय. आई तर म्हणाली, हा तो वस्तराच नाही, तू बदलून आणलास. मग पात्यावरचं जर्मनीतल्या सोलिंगेनचं नाव दाखवलं तेव्हा पटलं तिला.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आमचा खालचा मजला बुडाला, त्यात आजोबांची दुकानाची पेटी पण बुडाली, वस्तरा त्यातच होता. पातं घासून निघालं, पण शिंगाची मूठ पाण्यात राहून पांढुरकी, खरखरीत झाली, कडेला पापुद्रे सुटले. तेव्हापासून ज्याला दाखवावं तो हसायचा. एक जण म्हणाला फेकून द्या, ब्लेडवाला शंभर रुपयात मिळतो. अरे बाबा, मला काय दाढी करायचीय का त्यानं? दुसऱ्यानं घेतला, दोन दिवस ठेवला आणि चक्क बूटपॉलिश चोळून दिला, हातात धरला की बोटं काळी, वर त्याचे पैसे घेतले. तिसरा तर एमसील भरून ऑइलपेंट मारतो म्हणाला. नशीब त्याच्याकडं ठेवला नाही.

तुमच्याकडं आलो तेव्हा तुम्ही तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, काम करत होता. वस्तरा हातात घेतला, चष्मा वर केला, मुठीवर नख ओढलं आणि काहीच बोलला नाहीत. म्हटलं झालं, हे पण नाही म्हणणार. मग तुम्ही विचारलंत, "आजोबा डावखुरे होते का?"

चाचा, मी तुम्हाला आजोबांबद्दल तोवर एक शब्द सांगितला नव्हता. होते डावखुरे. खिळ्याजवळ एका बाजूला शिंग झिजून बारीक खळगा पडलाय, वस्तरा उघडताना अंगठा टेकून टेकून. मी लहानपणापासून ती पेटी बघतोय, मला कधी दिसला नाही तो. तुम्ही म्हणालात बाकी सगळं घासतो, हे ठेवतो. आणि खरंच ठेवलंत. इतकंच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं खरंतर, बाकीचं आपोआप आलं.

रंगाचं तर मी अजून लोकांना सांगत सुटलोय. मला वाटलं काहीतरी खास केमिकल असणार, तुम्ही पोराला पाठवून मेडिकलमधून केसाच्या डायची पुडी आणवलीत! शिंग म्हणजे केस-नखांच्याच जातीचं, केसाला चढतं ते ह्याला का नाही चढणार, म्हणालात. फक्त आधी वर्षानुवर्षांचं तेल काढायला पाहिजे, नाहीतर रंग डागाडागानं बसतो. आणि आपल्या हातानं आधी शिंगाच्या तुकड्यावर लावून बघितलंत, वस्तऱ्याला नंतर. आता मूठ काळीभोर दिसते पण खिडकीशी धरली की कडेला तपकिरी रेघ चमकते. ऑइलपेंटमध्ये ती गेली असती.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आम्ही सांगलीकरांनी पण स्टेटस ठेवले, पण खरं सांगतो, आत येऊन कधी कुणाशी बोललो नव्हतो. मिरजेत ही वाद्यं बनवायला सुरुवात केलेल्या फरीदसाहेबांचं घराणं मूळचं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं, हे मला तुमच्या ओट्यावर बसून कळलं. म्हणजे वस्तरा बरोबर जागी आला म्हणायचा. पैसे सांगितलेत तेवढेच घेतलेत, "राहू द्या हो" वगैरे केलं नाहीत, ते मला फार आवडलं. कामाचा मान ठेवणारी माणसं कमी राहिलीत, नुसतं गोड बोलून काम बिघडवणारे मात्र गल्लोगल्ली.

आणि हो, मामांकडं पण एक वस्तरा निघालाय. त्याच्या शिंगाला कसर लागून बारीक बारीक भोकं पडलीत, रंगवून झाकतील की मूठच नवी करावी लागेल? दिवाळीच्या आधी घेऊन येतो. फोन तेवढा उचला चाचा, मागच्या वेळी आठवडाभर वाजत होता.