बस चुकली म्हणून आलेल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचा पत्ता विचारून घ्यायचा राहिला, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय.

तुम्ही निघाला होतात प्राणहितेपलीकडे, तेलंगणातल्या मलेरीच्या लाल मातीत जुन्या प्राण्यांची हाडं शोधायला. बस चुकली आणि आमच्या शाळेत थांबलात. पोरांना काही सांगा म्हटलं, तर तुम्ही खडूऐवजी कबड्डीची फक्की मागितलीत आणि मैदानावर अडीच मीटरचा प्राणी आखलात. पांथासॉरस. चपटं रुंद डोकं, डोळे पार पुढे, पाय नावापुरते. बेडकाच्या दूरच्या नात्यातला म्हणालात, तेव्हा पोरं आत निजून मापं घेऊ लागली. एकापुढे एक दोघं निजली तेव्हा कुठं तो भरला!

साधारण 22 कोटी वर्षांपूर्वी तिथं दुसऱ्याच नद्या वाहत होत्या. त्यांचाच गाळ म्हणजे ती लाल माती. हा तळाशी दबा धरून बसायचा. छातीखालची हाडं जाडजूड, त्यामुळे बुडून राहणं सोपं. त्याच पाण्यात सुसरीसारख्या लांब तोंडाचा पॅरासुकस हिस्लोपी. ते हिस्लोपी नाव आपल्या नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. त्यांच्या नावाच्या कॉलेजात मी शिकलो, पण हे मला तुमच्याकडून कळलं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या रॉय चौधुरींनी 1965 मध्ये पांथासॉरसचं वर्णन केलं, हेही. आकडेमोडीच्या संस्थेत हाडं कशी, हा प्रश्न पोरं मला अजून विचारतात.

पण आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. डोंग्यावर वाढलेल्या आमच्या एका पोरानं विचारलं, "गढूळ पाण्यात याला मासा दिसत कसा असेल?" तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. त्याला घरून मासा आणायला सांगितलंत. त्यानं रोहू आणला. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी बारीक रेघ तुम्ही त्याच्याच बोटानं शोधायला लावलीत. पाणी हललं की माशाला या रेघेवर कळतं, आणि पांथासॉरसच्या कवटीवर त्याच कामाच्या खोबणी आहेत, असं सांगितलंत. पोरगा कितीतरी वेळ त्या रेघेवर बोट ठेवून बसला. वर्गात कधी तोंड न उघडणारा तो, त्या दिवशी त्यानंच इतरांना समजावलं.

फक्की पहिल्या पावसात वाहून गेली. तो पोरगा आता आठवडी बाजारात मासा तोलण्याआधी गिऱ्हाइकाला रेघ दाखवतो.

पुन्हा या वाटेनं याल तेव्हा बस चुकली नाही तरी उतरा.

तुमचा ऋणी,
प्राणहितेकाठचा एक शिक्षक