चित्तिरै उत्सवाला मदुराईला येताना

ति. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

रेल्वेची तिकिटं काढण्याआधी एक गोष्ट. बाबांनी कॅलेंडरात चैत्र पौर्णिमा बघून तारीख ठरवली असेल, तर थांबा. तमिळ महिना सूर्यावर चालतो. मेष संक्रांतीला, म्हणजे १४ एप्रिलच्या सुमारास चित्तिरै लागतो आणि त्यातली पौर्णिमा ती इथली चित्रा पौर्णिमा. २०२४ साली ती आपल्या हनुमान जयंतीलाच आली, २३ एप्रिलला. २०२५ साली मात्र हनुमान जयंती १२ एप्रिलला होऊन गेली आणि चित्रा पौर्णिमा पडली १२ मेला, आपल्या बुद्धपौर्णिमेच्या दिवशी. म्हणून १४ एप्रिलनंतरची पहिली पौर्णिमा धरा. मीनाक्षीचं लग्न त्याच्या आधी असतं, पण किती आधी ते दर वर्षी बदलतं: २०२४ला दोन दिवस, २०२५ला चार. देवस्थानाचं पत्रक आल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका.

बाराही दिवस बघायचा हट्ट नको. आठव्या दिवशी मीनाक्षीला राज्याभिषेक होतो, तिच्या हाती राजदंड येतो आणि आवणी महिन्यात (ऑगस्ट-सप्टेंबर) सुंदरेश्वराचा, म्हणजे तिचा नवरा शिव, त्याचा अभिषेक होईपर्यंत मदुराईवर तिचं राज्य. नवव्या दिवशी दिग्विजय, दहाव्या दिवशी लग्न, अकराव्या दिवशी रथ. तुमच्यासाठी लग्न आणि नंतर अळगरचं दर्शन, एवढं पुरे.

लग्न देवळाच्या आवारातच, उत्तर आणि पश्चिम आडी रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या कल्याण मंडपात लागतं. मुहूर्त सकाळी साडेआठ-नऊच्या दरम्यान, पण आत जाऊन बसायचं ते त्याच्या कितीतरी आधी. अलीकडे २०० आणि ५०० रुपयांची तिकिटं ऑनलाइन मिळतात. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करता तिकीटच घ्यावं. मोफत रांगेत उभं राहणं फार होतं. मोबाइल आत चालत नाही, २०१८च्या आगीनंतर बंदी आहे. तेव्हा चुकामूक झाली तर कुठल्या गोपुराखाली भेटायचं ते आधीच ठरवा. चारही दिशांना मोठी गोपुरं आहेत आणि नवख्याला ती सारखीच दिसतात. चप्पल कुठल्या दाराशी ठेवली तेही लक्षात असू द्या, नाहीतर तापलेल्या दगडावरून अनवाणी अर्धी प्रदक्षिणा होते.

आई, तुला आवडेल असं एक. मुहूर्त लागला की जमलेल्या सवाष्णी आपापल्या ताळीचा, म्हणजे तिकडच्या मंगळसूत्राचा, पिवळा दोरा बदलतात. हळदीचा दोरा आणि कुंकू बाहेर मिळतं. तू प्रसाद म्हणून घे. कन्यादान करतो विष्णू, नवरीचा भाऊ. त्यासाठी जवळच्या तिरुप्परंकुंड्रमहून तिथला विष्णू, पवळक्कनिवाय पेरुमाळ, येतात.

मग अळगर कोण? तोही विष्णूच, साधारण वीस किलोमीटरवरच्या अळगर कोविलचा. लोककथेत तोच खरा भाऊ. लग्नाला निघतो, वाटेत उशीर होतो, वैगै नदीत उतरतो तेव्हा कळतं की लग्न लागून गेलं. रागावून शहरात न शिरताच वंडियूरकडे वळतो. मुळात हे दोन वेगळे उत्सव. मीनाक्षीचं लग्न मासी महिन्यात (फेब्रुवारी-मार्च) व्हायचं, अळगर तेनूर गावाला जायचा. सतराव्या शतकात मदुराईचा राजा तिरुमलै नायक याने दोन्ही एकत्र आणले. रथ आजही चित्तिरैत निघतो तो देवळाभोवतीच्या, त्या महिन्याचं नाव असलेल्या मासी रस्त्यांवरूनच. रथ बघायचाच तर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून, आणि कोपरा टाळून: वळणावर ताणलेला दोर आतल्या बाजूला घासत येतो.

नदीत उतरण्याचा सोहळा पौर्णिमेच्या पहाटे. सोन्याच्या घोड्यावर अळगर, गळ्यात श्रीविल्लिपुत्तूरहून आलेली संत-कवयित्री आंडाळची माळ. पटका-वस्त्र हिरवं निघालं तर साल पिकापाण्याचं, असं मानतात. पण तिथे तुम्ही जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२२ साली त्या गर्दीत दोघांचा जीव गेला. नदीपात्र उतरतं, ओलं, आणि मागून येणारा लोंढा थांबत नाही. शिवाय कातडी पिशव्यांतून देवावर पाणी उडवतात. बाबांचं श्रवणयंत्र एका फवाऱ्यात बंद पडेल.

त्यापेक्षा आदल्या दिवशी तल्लाकुळमला एदिर सेवै असते, शहर देवाला सामोरं जातं ते. तीही गर्दीचीच, पण रस्ते रुंद आहेत. त्याहून सोपं म्हणजे अळगर वाटेतल्या शेकडो मंडपांत थांबतो, आपली पालखी गावोगाव थांबते तसा; त्यातला आडबाजूचा एखादा मंडप गाठायचा. लोक साखरेने भरलेल्या तांब्यावर केळीचं पान ठेवून कापूर लावतात आणि ओवाळतात. आईने सुती साडी नेसावी, पदर खोचून.

ऊन चाळिशीला टेकतं. रस्तोरस्ती पानकम आणि नीर मोर फुकट देतात. पानकम म्हणजे गूळ, सुंठ, वेलचीचं पाणी; नीर मोर म्हणजे पातळ ताक. बाबा, तुमच्या साखरेला ते नको, ताक घ्या. त्यात मीठ असतं, म्हणून रक्तदाबाच्या गोळीची वेळ चुकवू नका. बर्फ घातलेलं काहीच नको.

खोली देवळाच्या पश्चिमेला, स्टेशनच्या बाजूला बघते आहे. अंतर साधारण एक किलोमीटर, पण रथाच्या दिवशी मासी रस्त्यांच्या आत रिक्षा येत नाही, चालावंच लागतं. तिकिटासाठी दोघांच्या आधार कार्डाचे फोटो पाठवा, आणि तळमजल्याची खोली हवी की लिफ्ट असली तर चालेल, तेही कळवा.

तुमची,
ताई