गोणी तीच, आतला माल बदलला: वराह ग्रोअर खाद्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गुणवत्ता व ग्राहक तक्रार विभाग

विषय: ग्रोअर खाद्यातले घटक न कळवता बदलल्याबद्दल आणि त्यामुळे झालेल्या नुकसानीबद्दल.

महोदय,

आजरा तालुक्यात माझं लार्ज व्हाईट यॉर्कशायर डुकरांचं छोटं युनिट आहे. घरचीच माणसं राबतात. शेड उभं राहिल्यापासून तुमचंच ग्रोअर, म्हणजे वाढत्या वयाच्या डुकरांचं खाद्य घेत आलोय. शेवटच्या दोन लॉटबद्दल डीलरला सांगून झालं, तुमच्या टोल-फ्री नंबरवर सांगून झालं. आता लेखी कळवतो.

पूर्वी तुमचं खाद्य मूठभर हातावर घेतलं की पिवळा भरडा आणि सोयापेंडीचे तुकडे ओळखू यायचे. या दोन लॉटच्या गोण्या फोडल्या तर आत तपकिरी भुकटी, वास जळकट आणि आंबूस. गोणीवरचा छापील मजकूर मात्र अक्षरही न बदलता तोच. तुमच्या प्रतिनिधीला खोदून विचारलं तेव्हा कुठे त्यांनी मान्य केलं, की मका आणि सोयापेंड कमी करून त्याजागी इथेनॉल कारखान्यातली मक्याची डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा, वाढवली आहे.

मका महागला हे मला कुणी सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि मका डिस्टिलरीकडे वळला, त्याची झळ आम्हालाही बसली. तुम्ही दर वाढवला असता तर कुरकुर करून का होईना, दिला असता. डुक्कर पाळण्याच्या खर्चात सत्तर टक्क्यांच्या आसपास पैसा खाद्यातच जातो, तेव्हा गोणीमागे दहा-वीस रुपये वाढले तरी वही उघडून बसावं लागतं. पण निदान हिशोब तरी करता येतो. दर तोच ठेवून आतला मालच बदलला तर हिशोब कशाचा करायचा?

प्रतिनिधीचं म्हणणं, ‘प्रोटीन १८ टक्केच आहे, तपासून घ्या.’ असेलही. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजतात, त्याला ६.२५ ने गुणतात आणि तो आकडा प्रोटीन म्हणून लिहितात. डुकराला आकडा खाऊन वजन येत नाही, त्याला लायसिन, म्हणजे प्रोटीनमधलं एक गरजेचं अमिनो आम्ल लागतं. मक्याच्या डीडीजीएसमध्ये सोयापेंडीच्या मानाने लायसिन फारच कमी, आणि वाळवताना माल करपला तर आहे तेही अंगी लागत नाही. गोणीवर लायसिनचा उल्लेखच नाही. माझी डुकरं पोटभर खाऊनही वाढायची थांबली. नव्वद किलोवर जी नाताळाआधी गोव्याच्या व्यापाऱ्याला द्यायची होती, ती सत्तरीच्या घरात अडकली. बाजार गेला आणि खाणं मात्र चालूच राहिलं.

याहून गंभीर बाब पुढची आहे. तीन-साडेतीन महिन्यांच्या माद्या, ज्यांना माजावर यायला अजून बराच अवकाश आहे, त्यांची निरणं (योनीची बाहेरची बाजू) लालबुंद सुजली, सडं फुगली. एकीचा गुदमार्ग बाहेर आला, ती वाचली नाही. तुमच्या प्रतिनिधीने फोनवरच जंताचं औषध सांगितलं. (जंताने निरण सुजते हे ज्ञान मला नवीन होतं.) आमच्या पशुवैद्यांनी पाहताक्षणी बुरशीच्या विषाचं, म्हणजे झिअरालेनोनचं नाव घेतलं. हे विष मादीच्या शरीरात संप्रेरकासारखं काम करतं आणि पाळीव जनावरांत त्याचा त्रास डुकरांना सगळ्यांत जास्त होतो. इथेनॉल काढताना मक्यातला स्टार्च निघून जातो, साधारण एक तृतीयांश माल मागे उरतो. मूळ मक्यात विष असेल तर ते त्या उरलेल्या मालात तिपटीच्या आसपास दाट होतं. हे तुमच्या न्यूट्रिशनिस्टला ठाऊक नाही असं मी मानत नाही.

तुमचं खाद्य बंद करून मका भरडा, सोयापेंड, गव्हाचा कोंडा आणि मिनरल मिक्श्चर घरीच कालवायला सुरुवात केली. शेड तेच, पाणी तेच. काही आठवड्यांत सूज उतरली. त्या माद्या पुढे गाभण राहतील का, हा प्रश्न आहेच.

हॉटेलचं शिळं अन्न स्वस्तात मिळतं, आसपासचे बरेच जण तेच घालतात. २०२० मध्ये ईशान्येत आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला तेव्हापासून मी ते बंद केलं, कारण तो रोग अशा अन्नातूनही पसरू शकतो आणि त्यावर औषध नाही. जोखीम नको म्हणून जादा पैसे मोजून गोणीतलं खाद्य घेतो. तुम्हाला किंमत मिळते ती त्या भरवशाची.

माझ्या मागण्या अशा: उरलेल्या गोण्या परत घेऊन त्यांचे पैसे द्यावेत. दगावलेल्या मादीची आणि औषधोपचाराची भरपाई द्यावी. या दोन्ही लॉटचे बुरशीविषाच्या तपासणीचे अहवाल पाठवावेत. तपासणी केलीच नसेल तर तसं लेखी द्यावं. आणि यापुढे गोणीवर लायसिन आणि डीडीजीएसचं प्रमाण छापावं. बिलं, गोण्यांवरच्या लॉट नंबरचे फोटो आणि पशुवैद्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ‘व्यावसायिक खरेदी’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी २०१९ च्या कायद्यानेही ग्राहकाचीच धरली आहे.

गोण्या शेडपासून लांब, ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत. नमुना घ्यायला माणूस पाठवाल तर तो त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या डुक्कर फार्मवर जाऊन आलेला नसावा. बूट गेटवर बदलावे लागतील.

आपला ग्राहक,
एक वराहपालक, ता. आजरा, जि. कोल्हापूर