आईची गोळी बाबांना नको

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

कालच्या फोनवरून कळलं की घरात दुखण्याचं सामान सामाईक झालंय. कमरेचा पट्टा एक, मलमाची ट्यूब एक, गोळ्यांची पट्टी एक आणि शेजारच्या काकांनी शिकवलेले व्यायामही दोघांना तेच. हे आधी थांबवा. आईचं दुखणं गुडघ्यातलं आहे, बाबांचं कमरेतून पायात उतरणारं. साधी उशीच घ्या. पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली उशी ठेवली की बाबांची कंबर सैल पडते, त्यांनी ती खुशाल ठेवावी. आईलाही तिने बरं वाटेल, पण रात्रभर वाकलेला गुडघा हळूहळू पूर्ण सरळ होणंच विसरतो, आणि मग चालताना मांडी लवकर दमते. तेव्हा उशी बाबांची.

आधी बाबांचं. बाजारात जाताना दोनदा थांबावं लागतं, पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात आणि गडग्यावर टेकलं की दोन-चार मिनिटांत मोकळं वाटतं. घाटी चढताना त्रास कमी, उतरताना जास्त. एवढ्यावरून पहिला संशय येतो तो मणक्यात नसांची वाट अरुंद झाल्याचा. ताठ उभं राहिलं की ती वाट आणखी चिंचोळी होते, पुढे वाकलं किंवा बसलं की थोडी उघडते. उतारावर आपण नकळत मागे रेलतो, म्हणून उतरणं जड जातं. बाबा, पुढच्या वेळी थांबाल तेव्हा बसू नका, वाकू नका, नुसते उभे राहून पाहा. उभ्या उभ्याच दुखणं ओसरलं, तर दोष पायाच्या रक्तवाहिन्यांचा असू शकतो. मधुमेह असेल किंवा विडी-सिगारेट ओढलेली असेल तर ते पाहावंच लागतं. डॉक्टरांना पावलावरची नाडी बघायला सांगा. दोन मिनिटांचं काम, पण पुष्कळदा राहून जातं.

काकांचं भुजंगासन बंद. त्यांना फायदा झाला असेल, खोटं नाही. त्यांची मणक्यातली गादी सरकली होती, शिंकलं किंवा पुढे वाकलं की कळ पायात जायची. अशा काहींना मागे वाकणं मानवतं. तुमचं बरोबर उलट आहे. तुम्ही उताणे झोपा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढा, वीस आकडे मोजा, सोडा. प्रत्येक पाय पाच वेळा, मग दोन्ही एकदम. नंतर गुडघे वाकवून, पोट आत घेऊन कमरेची पोकळी गादीला टेकवा, पाच आकडे, दहा वेळा. श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो. चालणं सोडू नका, तुकडे करा. पाचव्या मिनिटाला पोटऱ्या भरत असतील तर चौथ्यालाच बसा, उठा, पुन्हा चार मिनिटं. असे पाच तुकडे झाले की वीस मिनिटं होतात. दुखेपर्यंत ताणून मग दोन दिवस खाटेवर पडून राहणं, ह्याने पायांतली ताकद जाते. हे व्यायाम आईने करू नयेत. तिच्या हाडांची घनता तपासलेली नाही, आणि हाडं ठिसूळ असतील तर कंबर जोराने वाकवताना मणका दबू शकतो.

एमआरआयची घाई नको. अजिबात पाठ न दुखणाऱ्या साठीच्या माणसांचे एमआरआय काढले तरी दहातल्या सहा-सात जणांच्या मणक्याच्या गादीत फुगवटा दिसतो. अहवालात चार ओळी वाचून घाबरण्यात अर्थ नाही, त्या ओळी तुमच्या लक्षणांशी जुळतात का हे महत्त्वाचं. मात्र काही गोष्टींत एक रात्रही थांबायचं नाही. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसण्याची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, पंजा उचलेना आणि चप्पल पायातून निसटायला लागली, तर १०८ ला फोन करून थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. दबलेल्या नसा परत येणं तासांवर असतं. पाठदुखीसोबत ताप, कारण नसताना वजन घटणं किंवा पडल्यानंतर सुरू झालेली कळ असेल तरीही लवकर दाखवा.

आता आई. जिना उतरताना गुडघा दुखतो, बसून उठलं की पहिली चार पावलं आखडलेली, सकाळचा ताठरपणा दहा-पंधरा मिनिटांत जातो. झिजलेल्या गुडघ्याचं हे नेहमीचं चित्र. (ताठरपणा तासाहून जास्त राहिला आणि बोटांचे सांधेही सुजले तर ते संधिवाताचं वेगळं प्रकरण, रक्त तपासावं लागतं.) एक्स-रे काढायचा तर उभं राहून. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट खरी असते त्याहून मोठी दिसते.

तुझं खरं औषध मांडीच्या पुढच्या स्नायूत आहे. खाटेवर पाय लांब करून बस, गुडघ्याखाली मुठीएवढी टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघ्याने ती खाली दाब, पाच आकडे, सोड. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ही गुंडाळी दाबायला आहे, झोपायला नव्हे. मग उताणी झोपून एक गुडघा वाकव, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचल, पाच आकडे थांब, सावकाश खाली. तिसरा प्रकार खुर्चीवरचा: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठायचं, हळू बसायचं, आठ वेळा. जमत नसेल तर खुर्चीत जाड उशी घालून उंची वाढव. करताना थोडं दुखणार. दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवळलं तर ठीक, नाही निवळलं तर आकडा निम्मा कर, पण सोडू नकोस. ताकद यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक दहाव्या दिवशी कंटाळतात. वजन एक किलो उतरलं तर गुडघ्यावरचा भार दर पावलाला चार किलोंनी कमी होतो, हेही लक्षात असू दे.

आदोळीवर, म्हणजे जमिनीवरच्या खवणीवर, पाय मुडपून नारळ खवणं बंद कर. ओट्याला स्क्रूने बसणारी खवणी मिळते. मासळीही ओट्यावरच साफ कर. चतुर्थीच्या नेवऱ्या टेबलावर होतात, गणपतीला चालतं. आणि बाबा, गणपतीवर फळांची माटोळी बांधायला यंदा स्टुलावर चढायचं नाही. मान-कंबर मागे टाकून हात वर, म्हणजे तुमच्या नसांना हवं त्याच्या नेमकं उलट.

काठीबद्दल. आईचा उजवा गुडघा दुखतो, काठी डाव्या हातात. सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात, त्याने भार हलत नाही. चप्पल घालून, हात सैल सोडून उभं राहायचं, काठीची मूठ मनगटाच्या घडीला यायला हवी. पायरीवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. कदंब बसमध्ये चढतानाही तेच. टोकाचा रबरी बूट गुळगुळीत झाला असेल तर आजच बदला, पावसात चिऱ्याच्या पायरीवरचं शेवाळ कुणाची गय करत नाही. शेवाळ ब्लीचिंग पावडरने घासून घ्या आणि एका बाजूला लोखंडी पाइपचा कठडा बसवून घ्या. छत्री ही काठी नव्हे, बाबा.

गोळ्यांवर मला जास्त राग आहे. आईच्या पट्टीत अ‍ॅसेक्लोफेनॅक (सूज-दुखण्याचं औषध) आणि पॅरासिटामॉल एकत्र आहे. बाबा रक्तदाबाची टेल्मिसार्टन घेतात, सोबत लघवी वाढवणारी गोळी. ह्या दोन्हींवर तिसरी दुखण्याची गोळी पडली की मूत्रपिंडं आजारी पडू शकतात, जुलाब-उलट्या झाल्या तर आणखी लवकर. बाबांनी ती घ्यायची नाही. दुखणं फारच असलं तर साधं पॅरासिटामॉल, ६५० ची गोळी चोवीस तासांत जास्तीत जास्त चार, तेही रोज लागायला लागलं तर डॉक्टरांना विचारून. आईनेही एकत्रित गोळीवर वेगळं पॅरासिटामॉल घेऊ नये, एकच औषध दोनदा पोटात जातं. डायक्लोफेनॅकचं मलम गुडघ्याला उपयोगी पडतं कारण सांधा कातडीच्या जवळ आहे. एक टक्क्याचं असेल तर ट्यूबमधून चार-साडेचार इंच लांब मलम एका वेळी, वाटाण्याएवढं लावून गुण येत नाही. कमरेत दोष खोल असतो, तिथे ट्यूब वाया जाते. मलमावर गरम पिशवी ठेवायची नाही. ड जीवनसत्त्वाची ६०,००० ची पुडी आठवड्यातून एक असते, रोजची नव्हे. कमरेचा पट्टा फक्त बसच्या प्रवासापुरता.

गुडघ्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, दोन इंजेक्शनांत निदान तीन महिने जाऊ द्यावेत. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते. सांधा बदलायचा विषय आताच नाही. पण निघालाच तर डीडीएसएसवायच्या, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, कार्डाची मुदत आधी बघा. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली, त्यामुळे बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागता येते.

रविवारी फोन करीन. बाबा न थांबता किती मिनिटं चालले आणि आई हात न टेकता किती वेळा उठली, हे दोन आकडे तयार ठेवा. आणि पट्टीत किती गोळ्या उरल्यात तेही.

तुमची,
बाय