जाळेवाल्यांवरच का?

संपादक साहेब, स्कॉटलंडमधे सॅमन मासा कमी झाला की पहिलं बोट जाळेवाल्यांकडे, हे काय पटत नाही. सॉल्वे खाडीवरचं अ‍ॅनन गाव घ्या, तिथले हाफ-नेटवाले 5 मीटरच्या आसपासचा लाकडी दांडा, त्याला जाळं, असं धरून थंडगार पाण्यात छातीपर्यंत उभे राहतात, मासा शिरला की हाताला झटका बसतो, लगेच दांडा उचलायचा. एका वेळी एकच मासा हो! 2016 पासून सरकारनं किनाऱ्यावरची जाळी बंद केली, नद्यांना माशांच्या साठ्याप्रमाणे ग्रेड लावले, साठा कमी तिथे पकडलेला सॅमन परत सोडायचा. नियम हवेतच, पण पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅमन फार्मातल्या, माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या समुद्री उवा, तापणाऱ्या नद्या, त्यावरचे बांध, त्यांचं काय? निदान थोडे मासे तरी ठेवू द्या या जाळेवाल्यांना.

– एक वाचक